अमेरिकेतला तरुण आईस हॉकी डिफेन्समन: चौदाव्या वर्षापासून एनएचएलच्या दारापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरात राहतं. मुलगा तेरा वर्षांचा, ट्रिपल ए (युवा हॉकीतला सर्वांत वरचा स्तर) क्लबच्या 14 वर्षांखालच्या संघात डिफेन्सला, म्हणजे बचावात खेळतो, उजव्या हाताने शॉट मारतो. एक कोच ओएचएलचं (कॅनडातल्या ओंटारिओची ज्युनियर लीग, साधारण 16 ते 20 वयाच्या खेळाडूंची) नाव घेतो, दुसरा एनटीडीपीचं (यूएसए हॉकीचा राष्ट्रीय विकास कार्यक्रम), आणि घरचे म्हणतात की आधी कॉलेज. पालकांना जाणून घ्यायचं आहे की पुढच्या आठ-दहा वर्षांत कोणते टप्पे येतात, कोणता निर्णय कधी घ्यावा लागतो आणि या सगळ्यात शिक्षण हातचं जाणार नाही ना.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. डिफेन्समन फॉरवर्डपेक्षा उशिरा तयार होतो. अठराव्या वर्षी थेट एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये टिकणारे डिफेन्समन फारच थोडे. एकवीस ते चोवीस या वयात जागा पक्की होणं हे नेहमीचं. म्हणून प्रत्येक वळणावर लीगचं नाव किती मोठं आहे हे दुय्यम धरा. तिथे मुलाला सामन्यात किती मिनिटं मिळणार आणि कोणत्या प्रसंगी बर्फावर उतरवणार, हे पहिलं विचारा.

उशीर का होतो, ते समजून घ्या, कारण सराव कशाचा करायचा ते त्यावरच ठरतं. फॉरवर्डची चूक झाली तर त्याच्या मागे अजून दोन डिफेन्समन आणि गोली असतात. डिफेन्समनच्या मागे फक्त गोली. त्यात त्याचं निम्मं काम उलटं सरकत, समोरून येणाऱ्या खेळाडूकडे तोंड ठेवून चालतं आणि उरलेलं निम्मं पाठीवर दडपण घेऊन, स्वतःच्या गोलमागच्या भिंतीकडे धावत. हे वाचन शेकडो सामने खेळल्याशिवाय अंगात येत नाही.

या वयात सगळ्यात जास्त वेळ ज्या कौशल्याला द्यावा ते म्हणजे कोपऱ्यात गेलेला पक (खेळायची रबरी चकती) परत मिळवून बाहेर काढणं. क्रम असा: पककडे वळल्याबरोबर एकदा खांद्यावरून मागे बघायचं, पकला हात घालण्याच्या आधी पुन्हा एकदा. पहिल्या नजरेत फोरचेकर (दडपण आणायला धावून येणारा प्रतिस्पर्धी) कोणत्या बाजूने येतोय ते कळतं, दुसऱ्या नजरेत तो किती जवळ आला आणि आपला जोडीदार कुठे आहे ते. पककडे सरळ रेषेत न जाता थोडं वळण घेऊन जायचं, म्हणजे पोहोचताना शरीर आधीच बाहेरच्या दिशेला उघडं असतं. मग पाच वाटा उरतात. त्याच बाजूच्या विंगला (कडेच्या फॉरवर्डला) वर पास. गोलमागून जोडीदाराला पास. स्वतः गोलला वळसा घालून पक घेऊन निघणं. फोरचेकर चिकटला असेल तर आलेल्या बाजूलाच जोडीदारासाठी उलटा पास. आणि यातलं काहीच नसेल तर भिंतीवरून जोरात फिरवणं. प्रशिक्षक यांना अनुक्रमे अप, ओव्हर, व्हील, रिव्हर्स आणि रिम म्हणतात. तेरा-चौदाव्या वर्षी बहुतेक मुलं भीतीपोटी पाचवी वाट धरतात. पक भिंतीवरून आपल्या पट्ट्याबाहेर गेला की प्रेक्षक टाळ्या वाजवतात, कोचही खूश होतो, आणि मुलाला वाटतं हेच बरोबर. सतराव्या वर्षी तोच मुलगा वरच्या लीगमध्ये जातो तेव्हा पक ताब्यात ठेवून पहिला पास देता येत नाही म्हणून तिसऱ्या जोडीत अडकतो. खेळाडू हेरणारे स्काउट डिफेन्समनकडे बघतात तेव्हा पक हाताला लागल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांवर त्यांचं लक्ष असतं.

दुसरं कौशल्य अंतर राखण्याचं, ज्याला सगळे गॅप म्हणतात. प्रतिस्पर्धी मधल्या पट्ट्यात पक घेऊन येत असेल तर साधारण दोन स्टिकचं अंतर, आपल्या ब्लू लाइनपाशी (जिथे आपला बचावाचा पट्टा सुरू होतो ती रेषा) ते एक स्टिकवर यायला हवं, आणि आपण त्याच्या किंचित आतल्या बाजूला, गोल आणि तो यांच्या मध्ये. गॅप चुकतो तो बहुधा हाताच्या किंवा धैर्याच्या कमीमुळे नाही. मुलगा आक्रमणात पक गमावल्यावर उशिरा वळतो, मग घाबरून खूप मागे सरकतो, आणि समोरच्याला ब्लू लाइन फुकट मिळते. उपाय पायात आहे: उलटे क्रॉसओव्हर, उलट्यावरून सुलट्याला आणि परत उलट्याला वळणं, दोन्ही बाजूंना सारख्याच सफाईने. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि चांगले फॉरवर्ड ती पहिल्याच पिरियडमध्ये हेरतात.

यूएसए हॉकीने 2011-12 च्या हंगामापासून अंगावर धडक देण्याची परवानगी 12 वर्षांखालच्या गटातून काढून 14 वर्षांखालच्या गटापासून ठेवली. म्हणजे तुमचा मुलगा नेमका त्याच वळणावर आहे. या वर्षी उंच, जाड मुलं एकदम तारे वाटू लागतात, कारण धडक मारून सामने जिंकता येतात. लहान चणीच्या मुलाला कोच बसवून ठेवतो. दोन्ही मुलांचं यात नुकसान आहे. डिफेन्समन लेन हटसन ड्राफ्टच्या वेळी (एनएचएलचे संघ तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडतात ती प्रक्रिया) जेमतेम पावणेसहा फुटांच्या आसपास होता, त्यामुळे 2022 मध्ये मॉन्ट्रियलने त्याला पार 62 व्या क्रमांकावर निवडलं. 2024-25 च्या पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने 66 गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केले, त्यात 60 असिस्ट, म्हणजे नवख्या डिफेन्समनच्या विक्रमाशी बरोबरी, आणि सर्वोत्तम नवख्या खेळाडूची काल्डर ट्रॉफी घेतली. सगळेच हटसन होत नाहीत हे खरं, पण चौदाव्या वर्षीच्या उंचीवरून निकाल लावू नये एवढं यातून नक्की घ्यावं.

उंची झपाट्याने वाढते त्या वर्षात स्केटिंग बिघडतं. पाय लांब होतात, तोल वर सरकतो, गुडघे वाकवणं कमी होतं. मुलगा आळशी झालेला नसतो. त्या काळात स्केटचा आकार दर चार-सहा महिन्यांनी तपासा आणि स्टिक पुन्हा कापा. स्टिकची लवचीकता, म्हणजे फ्लेक्सचा आकडा, शरीराच्या पौंडातल्या वजनाच्या साधारण निम्मा असावा. 120 पौंडाच्या मुलाला 55 ते 60 चा फ्लेक्स पुरतो. मोठ्या भावाची 85 ची स्टिक हातात दिली तर ती वाकतच नाही, आणि मुलगा मनगटाऐवजी खांद्याने शॉट मारायला शिकतो. गळ्याचं संरक्षण 1 ऑगस्ट 2024 पासून युवा आणि ज्युनियर गटांत सक्तीचं आहे. ते सैल बांधू देऊ नका.

वसंतातले आठ ते दहा आठवडे मुलाला बर्फापासून पूर्ण दूर ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. बारा महिने स्केटिंग करणाऱ्या वाढत्या मुलांमध्ये कमरेच्या सांध्याची आणि जांघेची दुखणी फार दिसतात, कारण स्केटिंगमध्ये मांडी एकाच पद्धतीने आत-बाहेर फिरत राहते. त्या काळात सॉकर, लॅक्रॉस, टेनिस काहीही खेळू दे. उन्हाळी स्पर्धांची आमंत्रणं बरीच येतील, त्यातली एखादी पुरे.

आता वाटांकडे. ज्या कॅलेंडर वर्षात मुलगा सोळा पूर्ण करतो, त्या वर्षी मार्च ते जून या काळात तीन दारं जवळजवळ एकदम उघडतात. त्याच्या आधीचा, 15 वर्षांखालच्या गटाचा हंगाम त्यामुळे सर्वांत जास्त बघितला जातो.

पहिलं दार एनटीडीपी, म्हणजे यूएसए हॉकीचा राष्ट्रीय संघ विकास कार्यक्रम. 1996 मध्ये अ‍ॅन आर्बरला सुरू झाला, 2015 पासून प्लिमथला आहे, तुमच्या घरापासून फार लांब नाही. देशभरातून चाळीसेक मुलांना निवड शिबिराला बोलावतात, निम्म्यांना घेतात. पुढे दोन वर्षं: पहिलं 17 वर्षांखालच्या संघात, दुसरं 18 वर्षांखालच्या. यूएसएचएलच्या संघांशी, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आणि दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या संघांशीही सामने होतात. क्विन ह्यूज, अ‍ॅडम फॉक्स, चार्ली मॅकअ‍ॅव्हॉय, झॅक वेरेन्स्की, जेक सँडरसन, ब्रॉक फेबर, हटसन, हे सगळे इथूनच गेले. व्यायाम, सराव आणि प्रशिक्षक यांचा दर्जा उत्तम. एक धोका आहे: सात-आठ डिफेन्समनमध्ये तुमचा मुलगा सहावा-सातवा असेल तर दोन मौल्यवान वर्षं पॉवर प्लेला (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) न उतरता निघून जातील.

दुसरं दार यूएसएचएल, अमेरिकेतली सर्वांत वरची ज्युनियर लीग. हंगाम 62 सामन्यांचा, खेळाडूकडून फी घेत नाहीत, राहायला यजमान कुटुंब मिळतं. मिशिगनमध्ये मस्केगनचा संघ आहे, ज्याने 2025 मध्ये या लीगचा विजेतेपदाचा क्लार्क कप जिंकला. सोळाव्या वर्षीच्या मुलांसाठी ड्राफ्टचा पहिला टप्पा असतो. निवड झाली म्हणजे लगेच जायचंच असं नाही. एखादं वर्ष आणखी क्लबमध्ये खेळून सतराव्या वर्षी गेलेलं बऱ्याच डिफेन्समनना मानवतं. जॅकब स्लाव्हिन कोलोरॅडोचा. एनटीडीपीत नव्हता, शिकागो स्टीलकडून यूएसएचएल खेळला, 2012 मध्ये चौथ्या फेरीत 120 वा निवडला गेला, कोलोरॅडो कॉलेजात दोन वर्षं खेळला आणि 2015-16 मध्ये कॅरोलायनाकडून एनएचएलमध्ये आला. आज बचावाचा धडा म्हणून मुलांना ज्याचे व्हिडिओ दाखवावेत असा तो खेळाडू आहे.

तिसरं दार ओएचएल. सॅगिनॉ आणि फ्लिंट हे दोन संघ तुमच्याच राज्यात, विंडसर नदीपलीकडे. 68 सामने, लांब बसप्रवास, व्यावसायिक हॉकीच्या जवळ जाणारं वेळापत्रक. जास्त सामने म्हणजे जास्त अनुभव हे खरं, पण सराव आणि व्यायामाला आठवड्यात दिवस कमी उरतात, आणि सोळा वर्षांच्या डिफेन्समनला तिथे वीस वर्षांच्या फॉरवर्डना अडवायचं असतं. ज्याचं शरीर तयार आहे त्यालाच हे मानवतं.

यापूर्वी ओएचएलचा एक सामना खेळला तरी अमेरिकन कॉलेजची दारं बंद व्हायची, कारण एनसीएए (अमेरिकन कॉलेज खेळांची नियामक संस्था) कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगना, ज्यांत ओएचएल येते, व्यावसायिक मानत असे. नोव्हेंबर 2024 मध्ये तो नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून तिथले खेळाडू डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज हॉकीच्या वरच्या गटात खेळू लागले, अट एवढीच की प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्चापलीकडे पैसे घेतलेले नसावेत. म्हणून ‘ओएचएल की कॉलेज’ हा वाद आता उरला नाही. दोन्ही करता येतं, एकामागून एक. कॅनडाचा उजव्या हाताचा डिफेन्समन कीटन व्हरहॉफ व्हिक्टोरियाच्या मेजर ज्युनियर संघातून थेट नॉर्थ डकोटा विद्यापीठात गेला, तो याच नियमामुळे.

पण या बदलाची दुसरी बाजू पालकांपर्यंत नीट पोहोचत नाही. नव्या महसूल-वाटपात (खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देण्याच्या पद्धतीत) सामील झालेल्या कॉलेजांना हॉकीसाठी जास्तीत जास्त 26 खेळाडू ठेवता येतात, त्यात डिफेन्समन आठ-नऊ. त्या जागांसाठी आता कॅनडातून आलेली 19-20 वर्षांची अनुभवी मुलं आणि बदली घेऊन आलेले कॉलेज खेळाडूही रांगेत आहेत. अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाची जागा आकसली आहे. सोळाव्या वर्षी तोंडी मिळालेल्या शब्दावर विसंबून ज्युनियरचा संघ ठरवू नका; तो शब्द कॉलेजला बांधत नाही आणि मुलालाही नाही.

कॉलेजचे कोच मुलाशी भरतीबद्दल थेट बोलू शकतात ते दहावीतल्या 1 जानेवारीपासून. तोंडी प्रस्ताव आणि अधिकृत भेटी अकरावी सुरू होण्याआधीच्या 1 ऑगस्टपासून. त्याआधी कुणी मध्यस्थ ‘अमुक कॉलेजला रस आहे’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

अभ्यासाचं गणित मात्र आत्ताच, आठवी-नववीत मांडायला हवं, कारण यात झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही. डिव्हिजन वनसाठी हायस्कूलचे 16 मुख्य अभ्यासक्रम आणि त्यांत किमान 2.3 जीपीए लागतो. त्यांपैकी 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या 10 मधले 7 इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. ज्युनियर संघासाठी गाव बदललं की मुलं ऑनलाइन शाळा घेतात, आणि तिथेच घोळ होतो: तो अभ्यासक्रम एनसीएएच्या मान्य यादीत नसतो. प्रवेश घेण्यापूर्वी यादी बघा, नववीपासूनची गुणपत्रकं स्वतःजवळ ठेवा, आणि एनसीएएच्या पात्रता केंद्रात दहावीच्या सुमारास नोंदणी करून टाका. मिशिगनमध्ये डिव्हिजन वनचे सात संघ आहेत: मिशिगन, मिशिगन स्टेट, वेस्टर्न मिशिगन, मिशिगन टेक, नॉर्दर्न मिशिगन, लेक सुपीरियर स्टेट, फेरिस स्टेट. वेस्टर्न मिशिगनने 2025 चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मोठ्या नावाच्या मागे न लागता या सगळ्यांचे सामने मुलाला दाखवा. तिकिटं परवडणारी असतात आणि डिफेन्सचं शिक्षण उत्तम होतं.

डिफेन्समनसाठी कॉलेज मला चांगलं वाटतं, याचं कारण आठवड्याची रचना. सामने बहुतेक शुक्रवार-शनिवार, हंगाम साधारण 34 ते 40 सामन्यांचा. उरलेले दिवस सराव, वजनं आणि व्हिडिओ. उशिरा भरणाऱ्या शरीराला हेच हवं असतं. नील पायंक हर्मनटाउनचा. यूएसएचएल खेळून विसाव्या वर्षी मिनेसोटा-डुलुथला गेला, ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही घेतलं नव्हतं, दोन वर्षांनी रेंजर्सनी करार केला आणि 2018 मध्ये तो एनएचएल खेळला. टोरी क्रग लिव्होनियाचा, म्हणजे तुमच्याच परिसरातला, मिशिगन स्टेटहून असाच ड्राफ्टविना बॉस्टनला गेला.

एनएचएलचा ड्राफ्ट सात फेऱ्यांचा. 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण करणारा मुलगा त्या वर्षी पात्र होतो. ही तारीख जपून लक्षात ठेवा. क्विन ह्यूजचा जन्म 14 ऑक्टोबर 1999 चा, त्यामुळे तो 2018 मध्ये पात्र झाला, तोवर मिशिगन विद्यापीठात एक हंगाम खेळून झाला होता, आणि व्हँकुव्हरने त्याला सातवा उचलला. सप्टेंबर अखेर ते डिसेंबरात जन्मलेल्या मुलांना ड्राफ्टपूर्वी असं एक जादा वर्ष मिळतं. पण वयोगट जानेवारी ते डिसेंबर असल्यामुळे लहानपणी तीच मुलं गटात सर्वांत लहान असतात आणि मागे पडल्यासारखी दिसतात. उजव्या हाताने शॉट मारणारे डिफेन्समन कमी असतात आणि संघांना उजवी बाजू त्यांच्याकडूनच सांभाळलेली आवडते, त्यामुळे तुमच्या मुलाला थोडा फायदा आहे. तरी त्याला सरावात डाव्या बाजूलाही खेळवा; दोन्ही बाजूंना खेळू शकणाऱ्याला मिनिटं मिळतात.

ड्राफ्ट म्हणजे नोकरी नव्हे. संघाला फक्त हक्क मिळतात. मुलगा करार न करता कॉलेजात खेळत राहू शकतो. अ‍ॅडम फॉक्सला 2016 मध्ये कॅल्गरीने 66 वा निवडलं, तो तीन वर्षं हार्वर्डला राहिला, दरम्यान त्याचे हक्क आधी कॅरोलायनाकडे आणि मग 2019 मध्ये रेंजर्सकडे गेले, आणि दुसऱ्याच हंगामात, 2021 मध्ये, त्याने सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळवली. एनएचएलचा करार सही केला की मात्र कॉलेजची पात्रता संपते. म्हणून सही करण्याआधी हे विचारा: पुढच्या हंगामात तो एनएचएलच्या पहिल्या चार डिफेन्समनमध्ये असेल, की खालच्या एएचएलमध्ये, आणि तिथे पॉवर प्ले कोण खेळवणार?

पहिला करार 18 ते 21 वयात सही केला तर तीन वर्षांचा असतो, 22-23 ला दोन, 24 ला एक. 2024 आणि 2025 च्या ड्राफ्टमधल्यांसाठी मूळ पगाराची कमाल 9 लाख 75 हजार डॉलर, पण एएचएलमध्ये खेळलेल्या दिवसांचा पगार त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दराने मिळतो. 18-19 वर्षांच्या मुलाने हंगामात दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळले तर कराराचं वर्ष पुढे सरकतं. उलट हटसनने, तो वीस वर्षांचा असल्यामुळे हा नियम त्याला लागू नव्हता, एप्रिल 2024 मध्ये कॉलेज संपवून दोन सामने खेळले आणि कराराचं पहिलं वर्ष तेवढ्यात संपलं, म्हणजे मोठ्या कराराची वेळ वर्षभर अलीकडे आली. चांगला सल्लागार अशा ठिकाणी कामाला येतो. व्यावसायिक करार होईपर्यंत सल्लागार फक्त सल्ल्यापुरता ठेवा. व्यावसायिक संघाशी वाटाघाटी करण्यासाठी एजंट नेमल्याचा लेखी करार कॉलेजची पात्रता धोक्यात आणू शकतो.

खर्चाचं थोडक्यात. ट्रिपल ए मध्ये प्रवास धरून वर्षाला पंधरा-वीस हजार डॉलर सहज जातात. एनटीडीपी, यूएसएचएल, एनएएचएल (यूएसएचएलच्या खालची ज्युनियर लीग) आणि ओएचएल या ठिकाणी खेळण्यासाठी फी नाही. ज्युनियरच्या नावाखाली हजारो डॉलर मागणाऱ्या खालच्या लीगही आहेत. सोळा-सतराव्या वर्षी तिथे जाण्यापेक्षा क्लबच्या 18 वर्षांखालच्या संघात पहिल्या जोडीत खेळलेलं बरं. ओएचएलकडून करार आला तर खेळलेल्या प्रत्येक हंगामाला एक वर्षाची शिष्यवृत्ती हा भाग लेखी घ्या आणि एनएचएलचा करार झाल्यास तिचं काय होतं तेही कलमासह वाचा.

कोणत्याही संघाशी बोलताना चार गोष्टी विचारून लिहून घ्या. गेल्या दोन हंगामांत सोळा-सतरा वर्षांचे किती डिफेन्समन तुमच्याकडे होते आणि त्यांना सामन्याला किती मिनिटं मिळाली? पुढच्या वर्षी कोण सोडून जाणार, म्हणजे उजव्या बाजूला किती जागा मोकळ्या? डिफेन्सचा स्वतंत्र प्रशिक्षक आहे का, आणि तो आठवड्यात किती वेळा प्रत्येकासोबत व्हिडिओ बघतो? शाळा कोणती, आणि तिचे अभ्यासक्रम एनसीएएला मान्य आहेत का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर जो कोच आकड्यांत देईल त्याच्याशी पुढे बोला. या हंगामापुरतं सांगायचं तर मुलाच्या प्रत्येक सामन्याचं चित्रण करा, आणि गोल किंवा धडका मोजण्याऐवजी त्याने कोपऱ्यातून उचललेल्या पकपैकी किती आपल्याच खेळाडूच्या स्टिकवर पोहोचले, ते त्याच्यासोबत बसून मोजा.